बारीक केलेला दिवा

मराठीत दिव्याच्या क्रिया तीन. दिवा लावतात, दिवा मालवतात आणि या दोहोंच्या मध्ये केव्हातरी दिवा बारीक करतात. पहिल्या दोन क्रियांभोवती आपण केवढा संस्कार उभा केला आहे! तिन्हीसांजेला दिवा लागला की हात जोडायचे; 'दिवा विझला' असे अभद्र बोलायचे नाही, 'शांत झाला' म्हणायचे. तिसऱ्या क्रियेला मात्र मंत्र नाही की मुहूर्त नाही. ती निव्वळ घरगुती गोष्ट. मूल झोपी गेले, दिवा बारीक करा. आजाऱ्याचा डोळा लागला, दिवा बारीक करा. बाटलीत घासलेट चार बोटे उरले आहे आणि महिना संपायला आठ दिवस आहेत, तेव्हाही तेच. कंदिलाच्या कडेला एक लहानशी चकती असे. ती दोन बोटांत धरून फिरवली की वात आत सरके आणि काचेमागे पिवळा टिकला तेवढा उरे. सात वर्षांच्या पोरीला जमणारे हे काम. त्याचा कुणी इतिहास लिहावा असे कुणालाच वाटले नाही.

आणि तरी या क्षुल्लक कामापायी गेली दोनशे वर्षे मोठमोठी डोकी शिणली आहेत. कारण कंदिलाची ती सोय पुढच्या प्रत्येक दिव्याने आपल्यापासून हिरावून घेतली आणि ती परत मिळवताना दर वेळी नव्याने खटपट करावी लागली. आज घरोघर भिंतीवर 'स्मार्ट डिमर' नावाची गुळगुळीत काचेची पट्टी बसू लागली आहे. तीवरून बोट फिरवावे किंवा मोबाइलला सांगावे, दिवा मंद होतो. होत नाही तेव्हा तो लुकलुकतो, गुणगुणतो, बंद करूनही मिणमिणत राहतो, नाहीतर मध्यरात्री आपण होऊन भगभगतो. लोक कंपनीला शिव्या देतात, वायरमन डोके खाजवतो. मला वाटते, या बिघाडांकडे इतिहासाच्या नजरेने पाहावे. यातल्या एकेका तक्रारीला एकेक साल आहे. ते साल सापडले की बिघाड सापडतो.

कंदिलाच्या चकतीचे मूळही फार जुने नाही. एमे आर्गां या स्विस गृहस्थाने १७८० च्या सुमारास पोकळ नळीसारखी गोल वात असलेला दिवा काढला. तिला आतून-बाहेरून हवा मिळत असल्याने उजेड कितीतरी अधिक पडे. या नव्या दिव्यांमध्ये वात वर-खाली करायची यांत्रिक सोय आली. त्यापूर्वीच्या पणतीत वात काडीने सारावी लागे, आणि मेणबत्ती तर बारीक करताच येत नाही. एक विझवायची नि दुसरी ठेवायची, एवढेच. नाटकगृहांची मोठी पंचाईत होती ती इथे. शेकडो मेणबत्त्या जळत असताना रंगमंचावर संध्याकाळ कशी आणावी?

ती संध्याकाळ आणली गॅसने. विल्यम मर्डॉकने १७९२ साली कॉर्नवॉलमधल्या रेडरुथ गावी आपले घर दगडी कोळशाच्या गॅसने उजळले, आणि पंचवीस वर्षांनी, १८१७ मध्ये, लंडनच्या ड्रुरी लेन आणि लायसियम या नाटकगृहांत गॅसचे दिवे लागले. सगळ्या नळ्या एका जागी आणून तिथे तोट्या बसवायच्या आणि एका माणसाने तिथे उभे राहायचे, अशी व्यवस्था हळूहळू रूढ झाली. त्या तोट्यांच्या मांडणीला 'गॅस टेबल' म्हणत. हा माणूस तोट्या आवळू लागला की शंभर ज्योती एकदम मान खाली घालत. मनुष्याच्या इतिहासात एकाच हाताने इतका प्रकाश एकसारखा बारीक करण्याची ही पहिलीच वेळ असावी. मी कादंबऱ्या लिहितो. पुस्तकात संध्याकाळ करायला मला चार ओळी पुरतात. त्या गॅसवाल्याला ती रोज रात्री खरोखर करावी लागे, आणि तीही नटाच्या बोलण्याशी मेळ राखून.

त्याची एक अडचण ध्यानात ठेवण्यासारखी आहे, कारण तिचे काम पुढे पडणार आहे. गॅसची ज्योत एका मर्यादेपर्यंतच बारीक होते. त्याखाली नेली की ती 'फुक्' करून विझते; आणि विझलेल्या तोंडातून गॅस मात्र येत राहतो. मग त्यावर तोड निघाली. मुख्य तोटी पूर्ण बंद केली तरी बाजूच्या एका बारीक नळीने थोडा गॅस जात राहावा आणि निळी ज्योत जेमतेम जिवंत राहावी. या आडवाटेला 'बायपास' असे नाव होते. हा शब्द आपल्याला आता रस्त्यांमुळे आणि हृदयाच्या शस्त्रक्रियेमुळे ठाऊक आहे. दिव्याशी त्याचे नाते याहून जुने आहे.

गॅसने नाटकगृहे देखणी केली तशी जाळलीही. ८ डिसेंबर १८८१ या दिवशी व्हिएन्नाच्या रिंग थिएटरात रंगमंचावरचे गॅसचे दिवे पेटवताना आग लागली. गॅस बंद करण्यात आला आणि जिने-दालने अंधारात बुडाली. माणसांना वाट दिसेना. साडेतीनशेहून अधिक माणसे गेली. तारीख लक्षात ठेवण्याचे कारण असे की त्याच सालच्या १० ऑक्टोबरला लंडनमध्ये सॅव्हॉय नाटकगृह उघडले होते, आणि ते संपूर्णपणे विजेने उजळायचे असा रिचर्ड डॉयली कार्ट या त्याच्या मालकाचा बेत होता. दिवे जोसेफ स्वानने केलेले, संख्येने बाराशेच्या आसपास. प्रारंभीच्या दिवशी वीज पुरली नाही; प्रेक्षागृह तेवढे उजळले, रंगमंच गॅसवरच राहिला. अखेर २८ डिसेंबरला रंगमंचावरही वीज आली. त्या दिवशी कार्टने प्रेक्षकांसमोर पेटता दिवा तलम कापडात गुंडाळून हातोड्याने फोडला आणि कापड जळले नाही हे उचलून दाखवले. व्हिएन्नाच्या राखेतून अजून तीन आठवडेही सरले नव्हते. प्रेक्षकांच्या छातीवरचे ओझे उतरले असेल यात शंका नाही. आपल्या मुंबईतही १८८२ साली क्रॉफर्ड मार्केटात विजेचे दिवे लागले. मात्र ती कंपनी वर्षभरात बुडाली.

या नव्या दिव्याला वात नव्हती. तो एकतर लागे, नाहीतर मालवे. त्याला बारीक करायला एकच उपाय सुचला, तो म्हणजे विजेच्या वाटेत काहीतरी अडथळा घालायचा. सॅव्हॉयमध्ये तारेची वेटोळी घातली. जितकी तार अधिक तितकी वीज कमी, तितका दिवा मंद. तत्त्व निर्दोष होते, परंतु दिव्यापासून काढून घेतलेली वीज नाहीशी होत नसे. ती त्या तारेत उष्णता होऊन बसे. रंगमंचावर चंद्रोदय, आणि पडद्याआड भट्टी! पाश्चात्य नाटकगृहांत आणखी एक गमतीचा प्रकार चाले. मातीच्या नळकांड्यात मिठाचे पाणी भरायचे, तळाशी धातूची एक पट्टी ठेवायची आणि दुसरी दोरीने वरून सोडायची. पट्ट्या जवळ आल्या की दिवा फुले, दूर गेल्या की मंद होई. दिवा अगदी लोण्यासारखा कमी-अधिक होत असे म्हणतात. पाणी मात्र तापे, कधी उकळे, आणि आटले की भरावे लागे. अमेरिकेत ग्रॅनव्हिल वुड्स या कृष्णवर्णीय संशोधकाने १८९० च्या दशकात सुरक्षित डिमर काढला तो याच आगीच्या भयापायी.

आपल्या घरांत हे काही आले नाही. आपण प्रश्न आपल्या पद्धतीने मिटवला: मोठा दिवा बारीक करण्याऐवजी शेजारी एक बारीकच दिवा लावला. तो 'झिरोचा बल्ब'. त्याला झिरो म्हणत, पण तो बारा-पंधरा वॅट खाई. जुन्या मीटरला एवढ्याशा विजेची दखल घेता येत नसे म्हणून तो शून्य, असे सांगतात. निळा, हिरवा, तांबडा. आमच्या पिढीची सारी बालपणीची स्वप्ने त्याच्या उजेडात पडलेली आहेत. आणि तारेची ती वेटोळी? तीही आपल्या घरात होती, फक्त दिव्याला नव्हे, पंख्याला. बोर्डावरची ती नारळाएवढी काळी पेटी आठवा, पाच आकड्यांची मूठ असलेली. हिवाळ्याच्या तोंडाला पंखा एकवर ठेवला की ती पेटी हाताला गरम लागे. विजेचे बिल मात्र पंखा पाचवर असल्यासारखेच येते, अशी कुरकुर वडीलधारी मंडळी करीत. बिलाचे तितके खरे नव्हते, पण त्या कुरकुरीत तथ्य पुष्कळ होते. सॅव्हॉयच्या पडद्यामागची भट्टी लहान होऊन आपल्या भिंतीवर बसली होती.

असे सुमारे पाऊण शतक चालले. मग १९५७ साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या यंत्रज्ञांनी सिलिकॉनची एक विलक्षण कळ तयार केली. पुढे तिला थायरिस्टर हे नाव रूढ झाले. तिचा स्वभाव असा की ती वाटेत अडथळा घालून वीज खात बसत नाही. ती दार उघडते किंवा लावते, आणि तेही डोळ्याचे पाते लवण्याच्या आत कितीतरी वेळा. आपल्या घरची वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते, म्हणजे शंभर वेळा ती शून्यावर येते. प्रत्येक वेळी शून्यानंतर दार थोडे उशिरा उघडायचे. उशीर जितका अधिक, तितका लाटेचा तुकडा लहान, तितका दिवा मंद. उरलेली वीज जळत नाही. ती घेतलीच जात नाही. माळणीने वेणीतला गजरा हातभर कापून द्यावा, तसे हे. बाकीचा तिच्या टोपलीतच राहतो.

घरोघरच्या भिंतीत डिमर नेऊन बसवण्याचे श्रेय जोएल स्पायरा या गृहस्थाकडे जाते. संरक्षण सामग्रीच्या धंद्यात नोकरी करणाऱ्या या तरुणाने १९५९ च्या सुमारास न्यूयॉर्कमधल्या आपल्या राहत्या जागेतल्या एका खोलीत खटपट करून, साध्या बटणाच्या जागी बसेल एवढा लहान डिमर तयार केला. १९६१ साली पत्नी रूथ हिच्यासह त्याने ल्यूट्रॉन नावाची कंपनी काढली; १९६२ मध्ये पेटंट मिळाले. तोवर डिमर ही नाटकगृहांची आणि फार तर श्रीमंतांच्या बंगल्यांची चैन होती. आता ती मध्यमवर्गीयाच्या जेवणघरात आली. स्पायरा २०१५ साली वारले, अठ्ठ्याऐंशी वर्षांचे होऊन. शेकडो कोटी माणसांनी मिळून जितके अंधाराचे सुख भोगले असेल त्यात त्यांचा वाटा मोठा आहे, आणि तरी त्यांचे नाव कुणा शाळकरी मुलाला विचारावे असे मला वाटत नाही. एडिसनवर प्रश्न येतो, स्पायरांवर येत नाही.

या कापलेल्या लाटेला साथ देणारा दिवा होता टंगस्टनच्या तारेचा. ती तार तापून लाल-पांढरी होते आणि तापलेली तार एका क्षणात निवत नाही. सेकंदाला शंभर वेळा वीज तुटली तरी तिला ते कळतच नाही. चुलीतून लाकूड ओढले तरी निखारा फुललेला राहावा तशी ती राहते. शिवाय मंद होताना ती तांबूस होत जाते, मावळत्या उन्हासारखी, आणि माणसाच्या डोळ्याला तेच आवडते. डिमर आणि ही तार यांचा संसार नजर लागण्यासारखा होता. अर्थात तोही पूर्ण निर्मळ नव्हता. लाट मध्येच कापली की तारेला धक्का बसे आणि ती बारीक सुरात गुणगुणे. म्हणूनच चांगल्या डिमरमध्ये तो धक्का सौम्य करणारे तारेचे वेटोळे घालतात. आज कुणाचा दिवा गुणगुणत असेल तर समजावे, ही १९६० च्या आसपासची जुनी खोड आहे. स्वस्त डिमरमध्ये ते वेटोळे लहान असते.

आता मी ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो.

इलिनॉय राज्यात झिग्लर नावाच्या गावी, कोळशाच्या खाणीत राबणाऱ्या एका स्थलांतरिताच्या घरी १९२८ साली निक होलोन्याक यांचा जन्म झाला. ट्रान्झिस्टरचे एक जनक जॉन बार्डीन यांचे ते पहिले पीएच. डी. चे विद्यार्थी. शिक्षणानंतर बेल लॅबोरेटरीजमध्ये आणि मग जनरल इलेक्ट्रिकमध्ये ते सिलिकॉनच्या कळांवर काम करीत होते. वीज मागे-पुढे हेलकावे घेते, तेव्हा दोन्ही दिशांना चालणारी कळ हवी. त्या कळेच्या जन्मात होलोन्याक यांचा हात आहे. तिलाच पुढे ट्रायॅक म्हणू लागले, आणि जगातल्या बहुतेक घरगुती डिमरच्या पोटात आजही तीच आहे. घरगुती डिमरचे श्रेय कित्येक जण त्यांनाच देतात ते यामुळे. आता पुढची गंमत. त्याच होलोन्याक यांनी, त्याच कंपनीत, ९ ऑक्टोबर १९६२ रोजी डोळ्याला दिसेल असा प्रकाश देणारा पहिला एलईडी चालवून दाखवला. तांबडा, टिपूसभर. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीच्या रीडर्स डायजेस्टमध्ये त्यांचे भाकीत छापून आले की एक दिवस हा ठिपका एडिसनच्या दिव्याची जागा घेईल.

भाकीत खरे ठरायला निळा एलईडी लागला. तो जपानात १९९० च्या दशकात तयार झाला आणि त्याबद्दल तिघांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. होलोन्याक यांना वगळले गेले. त्यांनी आपली नाराजी लपवली नाही, आणि ती लपवावी असे मलाही वाटत नाही. २०२२ साली ते निवर्तले. आपल्याकडे ५ जानेवारी २०१५ ला 'उजाला' योजना सुरू झाली आणि तीत छत्तीस कोटींहून अधिक एलईडी दिवे वाटले गेले. टंगस्टनची तार बघता बघता घराबाहेर गेली. डिमर मात्र भिंतीतच राहिला.

एकाच माणसाच्या हातून, चारपाच वर्षांच्या अंतराने जन्मलेली ही दोन भावंडे, आणि त्यांचे एकमेकांशी पटत नाही! ट्रायॅकचे दार एकदा उघडले की प्रवाह शून्यावर येईपर्यंत उघडे राहते; पण उघडे राहण्यासाठी त्यातून थोडी तरी वीज सतत वाहावी लागते. साठ वॅटचा दिवा ती सहज वाहून नेई. एलईडी बिचारा सात वॅटचा, आणि तोही वीज घोट घोट घेणारा. दार मध्येच आपटते, पुन्हा उघडते, पुन्हा आपटते. एलईडीला निखाऱ्याची धग नाही, तेव्हा दाराची प्रत्येक आपट डोळ्याला दिसते. तीच ती लुकलुक. गॅसची ज्योत फार आवळली की फडफडून विझे, त्याच जातीचे हे दुखणे. भरीला एलईडीच्या बुडात एक छोटी यंत्रणा असते. आलेली वीज कमी-जास्त झाली तरी दिव्याचा उजेड सारखा ठेवणे हा तिचा धर्म. डिमर म्हणतो कमी हो, ती म्हणते मी होऊ देणार नाही. ज्या दिव्याच्या खोक्यावर 'डिमेबल' असे छापलेले नसते त्याच्याकडून मंद होण्याची अपेक्षा करणे म्हणजे या भांडणाला आमंत्रण देणे होय.

हे सारे मला पुस्तकातून थोडे आणि आमच्या गावच्या वायरमनकडून अधिक कळले. गेल्या वर्षी दिवाळीत माझा धाकटा भाऊ पुण्याहून आला तो आईच्या खोलीसाठी स्मार्ट डिमर घेऊनच. आईला रात्री पूर्ण अंधार चालत नाही. दोनदा ती पलंगाच्या पायाला अडखळून पडता पडता वाचली आहे. लख्ख उजेडात तिला झोप येत नाही. तेव्हा बेत चांगलाच होता. आठवड्यात दिवा लुकलुकू लागला, आणि बंद केला तरी काजव्यासारखा मिणमिणत राही. "सर, आधी जुना बल्ब द्या," असे म्हणून वायरमनने अडगळीतला साठ वॅटचा दिवा होल्डरमध्ये घातला. तो मोरपिसासारखा मऊ खाली-वर झाला. म्हणजे डिमर ठीक, वायर ठीक; भांडण जोडीचे. त्याने डिमेबल एलईडी आणून लावला आणि लुकलुक थांबली. सगळ्यांत आधी कोणती परीक्षा करावी असे कुणी विचारले तर मी ही सांगेन. दहा रुपयांचा जुना दिवा अजूनही मिळतो आणि तो खोटे बोलत नाही.

मिणमिण राहिली. तिचे मूळ डिमरमध्ये नाही, घराच्या भिंतीत आहे. आपल्याकडच्या जुन्या घरांत दिव्याच्या बटणापर्यंत जिवंत तार तेवढी उतरते. न्यूट्रल थेट छतावरच्या दिव्याकडे जाते. बटण हे नुसते दार होते तोवर हे पुरे होते. पण स्मार्ट बटण रात्रंदिवस जागे असते. मालकाच्या हाकेची वाट पाहत बसायला त्यालाही थोडी वीज लागते. न्यूट्रल नसल्यावर ती ते कुठून घेणार? दिव्यातूनच. टंगस्टनच्या तारेला एवढ्या विजेचा पत्ताही लागला नसता, एलईडी मात्र तेवढ्यावर उजळतो. एक गोष्ट आधी पाहावी, की बटण न्यूट्रलच्या तारेवर तर बसवलेले नाही ना. जुन्या कामांत हेही सापडते, आणि ते दिव्यापेक्षा माणसाला धोक्याचे. वायरमनने मेन बंद करण्यापूर्वी टेस्टर लावून ते पाहिले. त्याच बोर्डावर प्लगची जागा असेल तर तिथे न्यूट्रल आलेली असते आणि ती घेणारा डिमर मिळतो. आमच्या डिमरला तिची जागाच नव्हती. तेव्हा त्याने खोक्याच्या तळातून एक पांढरा, बोटाच्या पेराएवढा तुकडा शोधून काढला आणि मेन बंद करून छतावर दिव्याच्या दोन तारांना जोडून दिला. चोरटी वीज आता दिव्याला टाळून त्यातून जाते. "याला काय म्हणतात?" मी विचारले. "बायपास, सर," तो म्हणाला. त्याला गॅस टेबलाची कथा सांगण्याचा मोह मी आवरला. त्याला आणखी दोन घरी जायचे होते.

एवढ्यावर तक्रार संपायला हरकत नव्हती. पण हा डिमर नुसता डिमर नव्हे, तो 'स्मार्ट' आहे, आणि त्या शब्दाचाही इतिहास आहे. स्कॉटलंडच्या ग्लेनरॉथिस येथील पिको इलेक्ट्रॉनिक्स कंपनीने १९७५ साली एक्स-टेन नावाची पद्धत काढली. घरातल्या विजेच्या तारांतूनच दिव्यांना हुकूम पाठवायचे. प्रत्येक घराला 'ए' ते 'पी' यांतले एक अक्षर द्यायचे. शेजाऱ्याने तेच अक्षर निवडले असले तर तारांतून त्याचा हुकूम तुमच्या घरी येई आणि तुमचा दिवा लागे! चाळीत हे झाले असते तर केवढी बहार आली असती. पुढे तारांऐवजी हवेतून हुकूम जाऊ लागले. तरी तोवर हुकूम देणारा आणि दिवा एकाच छपराखाली होते. मग हुकूम परगावच्या, बहुधा परदेशातल्या यंत्राकडून फिरून येऊ लागला. १५ मे २०१६ ला रिव्हॉल्व्ह नावाचे, तीनशे डॉलर किमतीचे घरगुती यंत्र त्याच्या नव्या मालकांनी, नेस्ट कंपनीने, दूरवरून बंद केले. लोकांच्या टेबलावर खोके तेवढे उरले. एप्रिल २०२२ च्या मध्यावर इन्स्टिऑन कंपनीची यंत्रे एका रात्रीत गप्प झाली. गिऱ्हाइकांची भिंतीवरची बटणे हाताने चालत होती, पण वेळापत्रके आणि मोबाइलवरचे हुकूम मेले. जून महिन्यात त्या गिऱ्हाइकांपैकीच काहींनी मिळून ती कंपनी विकत घेतली तेव्हा दिवे पुन्हा ऐकू लागले. आपल्याच घरातला दिवा आपले ऐकावा म्हणून माणसांनी कंपनी विकत घेतल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

आमच्याकडे इतके काही घडले नाही. वैशाखात रात्री अडीचला वीज गेली आणि पावणेतीनला आली. आली ती आईच्या डोक्यावरचा दिवा शंभर टक्के भगभगवून. बारीक ठेवलेला दिवा वीज परतल्यावर पूर्ण लागावा, असे डिमरला कारखान्यातूनच सांगून ठेवलेले होते. हे बदलता येते. मोबाइलवरच्या कार्यक्रमात एक रकाना असतो, त्यात 'पूर्वी होता तसा' असे निवडायचे. पण ते खाते होते भावाच्या नावावर, त्याच्या मोबाइलमध्ये, पुण्यात. काचेच्या पट्टीवर आईची सुरकुतलेली कोरडी बोटे नेहमी उमटत नाहीत. अंधारात ती पट्टी सापडलीही नसती, उजेडात सापडली पण ऐकेना. मी उठून जाईपर्यंत ती पदर डोळ्यांवर घेऊन पलंगावर बसून होती.

सकाळी भावाला फोन केला. त्याने पुण्यात बसल्या बसल्या रकाना बदलला आणि आईला म्हणाला, "आई, तुझ्या मोबाइलवरही देऊन ठेवतो सगळं."

"म्हणजे मी दिवा बारीक करायला आधी चश्मा शोधू, मग मोबाइल शोधू?" आई म्हणाली. "आणि अरे, बारीक केला तरी तो पांढराच दिसतो. दिव्यासारखा दिसतच नाही."

यावर भाऊ काही बोलला नाही. पांढरेपणाचे कारण मी वर दिलेच आहे. एलईडी मंद होतो, मावळत नाही. मंद होताना तांबूस होत जाणारेही एलईडी निघाले आहेत, पण आमच्या तालुक्याच्या दुकानात ते अजून आले नाहीत.

वायरमन पुढच्या बाजाराला आला तेव्हा आईने त्याला स्वतःच जवळ बोलावून घेतले. डिमर काढू नको म्हणाली, पोराने हौसेने आणला आहे. त्याने पलंगावरून हात पोचेल एवढ्या उंचीवर एक साधे बटण बसवले, खट्ट आवाज करणारे, आणि त्यावर अर्ध्या वॅटचा पिवळा एलईडी झिरो लावून दिला. मजुरी धरून एकशे सत्तर रुपये झाले. रात्री तोच जळतो.